पुडीची पाठ कोण वाचणार?

अन्नाविषयी आपल्या चळवळीत पुष्कळ लिहिले गेले आहे. भुकेवर लिहिले गेले, पाणवठ्यावर लिहिले गेले, पंगतीवर आणि उष्ट्यावर लिहिले गेले. त्याच अन्नावर आता एक नवे आवरण चढले आहे. ते चकचकीत आहे आणि त्यावर बराच मजकूर छापलेला असतो. या मजकुराविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. तो कुणासाठी लिहिलेला असतो, तो वाचायचा कसा, आणि तो वाचून किंवा न वाचताच गिऱ्हाईक 'हे खाणे तब्येतीला चांगले' असे कशावरून ठरवते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय वरवर किरकोळ वाटेल. तो किरकोळ का नाही, हे सांगण्याचा माझा प्रयत्न आहे.

मी गोंदिया जिल्ह्यात शिकवतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा, तलावांचा, तेंदूपत्त्याचा आणि बिडीचा. एके काळी सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडच्या जंगलाकाठच्या गावात किराणा म्हणजे मीठ, तेल, गूळ, चहापत्ती. आज त्याच दुकानांच्या दारांवर पुड्यांच्या माळा लोंबताना दिसतात. रोवण्याला जाणारी बाई पोराच्या हातावर पाच रुपये ठेवते आणि पोरगे त्या माळेतून एक पुडी तोडते. पाच रुपये तिच्या कष्टाचे आहेत. त्यांच्या बदल्यात पोटात काय जाते हे जाणण्याचा तिला हक्क आहे. हा हक्क कायद्यात आहे. तो तिच्यापर्यंत येऊन पोहोचतो का, एवढाच प्रश्न आहे.

समोरची बाजू

दुकानात पुडी हातात घेणाऱ्याला आधी तिची समोरची बाजू दिसते. तिथे दुधाची धार असते, गव्हाच्या लोंब्या असतात, धावणारे हसरे मूल असते. 'शक्ती', 'नैसर्गिक', 'जीवनसत्त्वयुक्त' असे शब्द मोठ्या अक्षरात असतात. पाठीमागे एक लहानसा तक्ता असतो: ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, साखर, स्निग्ध पदार्थ, सोडियम. समोरची बाजू विकणाऱ्याच्या इच्छेने लिहिलेली असते आणि पाठीमागची कायद्याच्या धाकाने. म्हणूनच समोरचे अक्षर मोठे आणि मागचे बारीक.

माणूस कोणताही निर्णय घेताना सगळे तपासत बसत नाही. शितावरून भाताची परीक्षा हा आपला जुना रिवाज आहे आणि तो मूर्खपणाचा नाही. भात एकाच हंड्यातला असतो, म्हणून एक शीत सगळ्याची साक्ष देते. पुडीच्या बाबतीत मात्र कोणते शीत आपल्या बोटात द्यायचे, हे पुडी बनवणाराच ठरवतो. तो 'जीवनसत्त्व' हे शीत पुढे करतो आणि साखर मागे ठेवतो. आपण पुढचे शीत दाबून पाहतो आणि सगळा भात शिजला असे समजतो.

या बाबतीत रंगाचे सामर्थ्य किती असते, याचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे जोनाथन शुल्ट यांनी २०१३ साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका गोड चॉकलेटच्या वडीचे चित्र दाखवले. वडी एकच आणि तिच्यावर छापलेला उष्मांकाचा आकडाही एकच. फरक एवढाच की काहींना तो आकडा हिरव्या पट्टीत दिसला आणि काहींना लाल पट्टीत. हिरवी पट्टी पाहणाऱ्यांना ती वडी अधिक आरोग्यदायी वाटली. हे सगळे विद्यापीठात शिकणारे, आकडा वाचता येणारे लोक होते. आकड्याने जे सांगितले त्यावर रंगाने मात केली. तेव्हा 'अडाणी लोक फसतात' हे म्हणणे सोडून दिले पाहिजे. शिकलेलेही फसतात. अक्षर न येणाऱ्याजवळ तर रंगाशिवाय दुसरे काही नसते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. वेष्टनांवरचे दावे गिऱ्हाइकाचे लक्ष वेधण्यासाठी केलेले असतात आणि ते दिशाभूल करू शकतात, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. त्याच वर्षी जूनमध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने फळांच्या रसाच्या वेष्टनांवरून 'शंभर टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकण्याचा आदेश दिला. म्हणजे तोवर तो दावा उजळ माथ्याने छापला जात होता आणि लोक तो पाहून पोरांना रस पाजत होते.

हिरवा ठिपका

आता आपल्या देशातल्या सर्वांत यशस्वी खुणेकडे वळू. अक्षर न येणारा माणूससुद्धा जी ओळखतो, ती खूण म्हणजे शाकाहाराचा हिरवा ठिपका. तिचा नियम २००१ साली निघाला. २०२० च्या लेबलविषयक नियमांप्रमाणे ही खूण पुडीच्या मुख्य दर्शनी भागावर, नावाजवळ, उठून दिसेल अशी छापावी लागते. मांसाहारासाठी पूर्वी तपकिरी ठिपका होता. २०२० च्या नियमांनी त्याचा त्रिकोण केला. कारण असे की, ज्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत त्यांचीही फसगत होऊ नये.

ज्याला मांस खायचे नाही त्याला ते कळावे, याला माझा काडीचाही विरोध नाही. तो त्याचा हक्क आहे. मला दाखवायचे आहे ते वेगळेच. राज्यसंस्थेने मनात आणले तर पुडीच्या तोंडावर, सर्वांना कळेल अशी खूण बसवता येते, याचा हा ठिपका पुरावा आहे. रंगांध माणसाचीही आठवण ठेवता येते. मग साखर, मीठ आणि चरबी यांच्याबाबत अशी सोपी खूण शोधताना एवढी वर्षे का जावीत? शाकाहार कुठला हे समोर सांगायचे आणि रोग कशाने होईल हे पाठीमागे, इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात सांगायचे, हा क्रम कुणाच्या चिंता आधी मोजल्या गेल्या हे दाखवतो.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. या देशात शाकाहाराला केवळ आहार मानलेले नाही, त्याला पावित्र्य मानले आहे. कोण काय खातो यावरून माणसाची पायरी ठरवली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ शोधताना गोमांसाहाराचाच धागा धरला, हे आपण जाणतो. अशा समाजात हिरवा ठिपका 'यात मांस नाही' एवढेच बोलून थांबत नाही. तो 'हे शुद्ध आहे, सात्त्विक आहे' असेही बोलतो आणि तिथून 'हे तब्येतीला चांगले आहे' या समजापर्यंत एकच पाऊल उरते. शुल्ट यांच्या प्रयोगात आपला ठिपका नव्हता, हे खरे. पण हिरव्या रंगाने एकाच वस्तूविषयीचे मत बदलते, एवढे त्याने दाखवून दिले. आपल्याकडे त्या रंगाच्या पाठीशी शेकडो वर्षांचे संस्कार उभे आहेत.

प्रत्यक्षात मैद्याची आणि पाम तेलाची बिस्किटे, साखरेच्या गोळ्या, मिठाने भरलेले चिप्स या सगळ्यांवर हिरवा ठिपका असतो आणि तो कायदेशीर असतो. नियमाच्या व्याख्येत दूध मांसाहारात मोडत नाही, अंडे मात्र मोडते. तेव्हा अंडे घातलेल्या वस्तूवर तपकिरी त्रिकोण येतो. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिने असतात आणि ते गरिबाच्या पोराला परवडणारे आहे. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे, देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा शासकीय निधी थांबवला. ज्या राज्यात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ६८.९ टक्के मुले आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, त्या राज्यातला हा निर्णय आहे. तलावातली मासोळी, अंडे, लाखोळीची डाळ यांवर कुणी 'शक्ती' छापत नाही. त्यांना पुडीच नसते, म्हणून त्यांच्या बाजूने बोलणारे अक्षरही नसते. पोरगे घरची आंबील सोडून पुडीकडे वळते, त्याला हेही एक कारण आहे.

पाठीमागची बाजू

पाठीमागच्या तक्त्यात खरी माहिती असते. ती वाचणे मात्र तीन कारणांनी कठीण करून ठेवले आहे.

पहिले कारण भाषेचे. नियमाप्रमाणे वेष्टनावरचा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असावा लागतो. अन्य भाषा वापरायला मनाई नाही, पण सक्तीही नाही. सक्ती नसेल तिथे कोण खर्च करणार? मी वर्गात मुलांना रिकामी वेष्टने आणायला सांगतो. किंमत आणि तारीख ती चटकन शोधतात. पुढे गाडी अडते. "सर, यात त मराठी नाहीच," असे कुणीतरी म्हणते. घटकांच्या यादीतला 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' म्हणजे मैदा, हे सातवीच्या मुलाला सांगावे लागते. मैदा हा शब्द त्याच्या आईला ठाऊक आहे. पुडीवर तो असता तर तिने पुडी परत ठेवली असती किंवा जाणूनबुजून घेतली असती. निर्णय तिचा राहिला असता.

महात्मा फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. अक्षर न येणाऱ्या कुणबी जोडप्याला पोथीच्या भीतीने लुबाडणारा जोशी त्यात आहे आणि अखेरीस ते जोडपे शिकायला निघते. आज जोश्याच्या जागी पुडी आहे असे म्हणणे सवंग होईल. पण न वाचता येणाऱ्या मजकुराच्या जोरावर दुसऱ्याच्या खिशात हात घालण्याची युक्ती तीच आहे.

दुसरे कारण गणिताचे. समजा, बिस्किटांच्या शंभर ग्रॅमला २४ ग्रॅम वेगळी घातलेली साखर आहे. पुडी शंभर ग्रॅमची आहे, पण तक्त्यात 'एका वेळचा वाटा २५ ग्रॅम' असे लिहिले आहे. हा वाटा किती धरायचा हे उत्पादक ठरवतो. त्या वाट्यात ६ ग्रॅम साखर येते. दिवसाची मर्यादा ५० ग्रॅम धरलेली असल्याने तक्त्यात १२ टक्के असा आकडा छापला जातो. तो पाहून वाटते, फार नाही. परंतु भुकेलेले पोरगे पावपुडी बिस्किटे खाऊन उरलेली जपून ठेवत नाही. ते पुडी संपवते. म्हणजे २४ ग्रॅम साखर, सुमारे सहा चहाचे चमचे, दिवसाच्या मर्यादेच्या ४८ टक्के. तक्ता खोटे बोललेला नाही. त्याने फक्त न घडणारी गोष्ट गृहीत धरली.

मिठाचेही असेच. पुडीवर मीठ असा शब्द नसतो, सोडियम असतो आणि तो मिलिग्रॅममध्ये असतो. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. शंभर ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम सोडियमची, म्हणजे ५ ग्रॅम मिठाची, साधारण एका चमच्याची. हा गुणाकार दुकानाच्या दारात उभे राहून कोण करणार?

तिसरे कारण असे की, या टक्क्यांचा हिशेब ज्या माणसाला धरून केला आहे, तो आपल्या वस्तीतला नाही. नियमांनी दिवसाची ऊर्जा सरसकट २००० किलोकॅलरी धरली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत बैठे काम करणाऱ्या स्त्रीला १६६० आणि अंगमेहनतीचे जड काम करणाऱ्या पुरुषाला ३४७० किलोकॅलरी लागतात असे सांगितले आहे. गोंदियाच्या राईस मिलमध्ये कट्टे वाहणारा हमाल आणि दिवसभर बसून बिड्या वळणारी बाई यांच्यासाठी एकच टक्केवारी छापली जाते. साखर आणि मीठ यांच्या मर्यादा दोघांनाही पाळायच्या आहेत, हे खरे. पण ऊर्जेच्या टक्क्यावरून 'एवढ्याने पोट भरेल' किंवा 'एवढे जड होईल' असा अंदाज काढायला गेलो, तर दोघांचाही चुकेल.

डबा दुकानात, पुडी हातात

इथवर ज्या पुडीवर तक्ता असतो तिच्याविषयी बोललो. जिच्यावर तो नसतो तिच्याविषयी आता बोलले पाहिजे. ज्या वेष्टनाचे पृष्ठफळ शंभर चौरस सेंटीमीटरांपेक्षा जास्त नाही, त्याला घटकांची यादी आणि पोषणाची माहिती छापण्यापासून सूट आहे. सात सेंटीमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद पुडीच्या दोन्ही बाजू मिळून हे माप जवळपास भरते. ही माहिती मोठ्या, घाऊक वेष्टनावर छापावी, असा नियम आहे. कारण व्यवहारी आहे, कारण लहान कागदावर मावणार किती? पण परिणाम पाहा. जो डबा किंवा मोठे पाकीट घेतो त्याला माहिती मिळते. जो रुपया-दोन रुपयांची एकेक पुडी घेतो त्याच्यासाठी ती दुकानदाराच्या खोक्यावर राहते. खोके फळीवर, पुडी पोराच्या हातात. गरीब माणूस थोडे थोडे विकत घेतो, कारण त्याच्याजवळ पैसे थोडे थोडे येतात. नियमाने त्याच्या गरिबीला हात लावला नाही, फक्त तिच्यामुळे त्याला माहितीतून वगळले.

याहून मोठे उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या मुख्य अन्नाचे आहे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी सरकारी योजनांतला सगळा तांदूळ पोषणयुक्त करण्याची घोषणा केली. शेजारच्या गडचिरोलीत त्याआधीच प्रायोगिक योजना झाली होती. मार्च २०२४ पर्यंत टप्प्याटप्प्याने अंगणवाडी, शाळा आणि कंट्रोलची दुकाने यांतून हा तांदूळ देशभर दिला गेला. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून तांदळासारखेच दाणे तयार करतात आणि साध्या तांदळाच्या शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात ते मिलमध्ये मिसळतात. किलोमागे लोह २८ ते ४२.५ मिलिग्रॅम असावे, असे मानक आहे. रक्तक्षयाचे वर दिलेले आकडे पाहता हेतूला नाव ठेवता येणार नाही.

परंतु हेतू कट्ट्यावर छापलेला होता. कट्ट्यावर '+एफ' ही खूण होती. कंट्रोलचा तांदूळ कट्टा उघडून, तराजूत मापून, बाईच्या पिशवीत ओतला जातो. कट्टा दुकानात राहतो. घरी तिने तांदूळ निवडायला घेतला की, तिला जरा वेगळ्या रंगाचे, वेगळ्या पोताचे दाणे दिसतात. कुणी काही सांगितलेले नसते. मग ठिकठिकाणी 'प्लास्टिकचा तांदूळ' अशी आवई उठली आणि लोक तेच दाणे वेचून फेकू लागले. ज्यासाठी एवढा खर्च केला तो दाणाच उकिरड्यावर गेला. लोकांच्या अडाणीपणावर हसणारे पुष्कळ निघाले. वस्तुतः निवडून, पारखून खाणे हा शहाणपणा आहे. त्या शहाणपणाला लागणारी माहिती कट्ट्यासोबत मागे राहिली, हा दोष तिचा नव्हे.

आणखी एक बाब आपल्या भागाच्या दृष्टीने गंभीर आहे. विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेल आजार आहे. गोंड, हलबा या आदिवासींप्रमाणेच पूर्वाश्रमीच्या महार समाजातही तो आहे आणि आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरात त्याचे पिवळे-लाल कार्ड असेल. वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या रोग्याच्या शरीरात लोह साठत जाते. २०१८ च्या नियमांप्रमाणे लोहयुक्त केलेल्या अन्नाच्या प्रत्येक वेष्टनावर इशारा छापणे सक्तीचे होते: थॅलॅसेमिया असलेल्यांनी वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे आणि सिकलसेल असलेल्यांनी लोहयुक्त केलेले अन्न घेऊ नये. पुढे सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी अभ्यास केला. तांदळातून मिळणाऱ्या लोहापासून या रोग्यांना धोका असल्याचा पुरावा नाही, असा इशारा दुसऱ्या कुठल्या देशात छापत नाहीत, असे त्यांनी सांगितले आणि २०२४ साली तो काढून टाकण्यात आला.

तज्ज्ञांचा निष्कर्ष खोडून काढण्यासाठी मी हे लिहीत नाही. ज्याला आजार आहे त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावे, हेच योग्य. माझा मुद्दा माहितीचा आहे. सहा वर्षे हा इशारा कट्ट्यावर होता, पण जो तांदूळ मापून घरी नेतो त्याला तो वाचायची सोयच नव्हती. मग तो काढला गेला, तेव्हा का काढला हे सांगायलाही त्याच्या दारी कुणी येण्याची व्यवस्था नव्हती. इशारा आला आणि गेला, हा सगळा व्यवहार कट्टा आणि कार्यालय यांच्यातच झाला. लोहाचा प्रश्न सुटला असेल. सांगायचे कुणाला, हा प्रश्न तसाच आहे.

तारा की इशारा

मग खूण कशी असावी? जगात याची उत्तरे शोधली गेली आहेत. दक्षिण अमेरिकेतील चिली या देशाने २०१६ पासून पुडीच्या समोर काळा अष्टकोनी शिक्का सक्तीचा केला. साखर जास्त असेल तर 'साखर जास्त', मीठ जास्त असेल तर 'सोडियम जास्त', एवढेच त्यात लिहायचे. मुलांना भुलवणारी चित्रे अशा पुड्यांवरून काढायला लावली आणि त्या शाळांत विकायला बंदी केली. त्यानंतर जास्त साखरेच्या पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. शिक्का, जाहिरातबंदी आणि शाळाबंदी या तिन्हींचा तो एकत्र परिणाम होता, हे लक्षात ठेवावे.

आपल्याकडे प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये वेगळा मसुदा मांडला. त्यात अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत गुण द्यायचे होते. साखर-मिठाने गुण कमी व्हायचे, पण प्रथिने, तंतू, फळे यांनी ते भरून काढता यायचे. म्हणजे पुष्कळ साखरेच्या पदार्थात थोडे प्रथिन टाकून एखादा तारा मिळवण्याची वाट मोकळी. शिवाय तारा ही शाबासकीची खूण आहे. मास्तरांनी वहीवर दिलेला एक तारासुद्धा मुलाला बक्षीसच वाटतो. वाईट वस्तूवरही काही ना काही चांगले चिन्ह असणार, मग इशारा कुठे राहिला?

अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेने वीस हजारांवर लोकांची पाहणी करून ताऱ्यांच्या बाजूने कौल दिला होता. त्याच सुमारास मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सहा राज्यांत सुमारे २९०० लोकांवर प्रयोग करून निराळेच दाखवले. वेष्टनावर कोणतीही खूण नसताना साखर, मीठ, चरबी जास्त असलेले पदार्थ बरोबर ओळखणारे सुमारे ३९ टक्के निघाले. तारे असताना ४५ टक्के, आणि 'जास्त आहे' असा सरळ इशारा असताना सुमारे ६१ टक्के. दोन्ही निकालांतला फरक समजून घेण्यासारखा आहे. कोणती खूण आवडली हा एक प्रश्न आणि कोणत्या खुणेने धोका ओळखता आला हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आरोग्याच्या उपयोगाचे आहे.

२०२२ च्या मसुद्यावर सुमारे चौदा हजार हरकती-सूचना आल्या आणि विषय रेंगाळला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी देण्यास सांगितले आणि पुढे मुदत वाढवून दिली. या चौदा हजारांत सालेकशाचा आवाज किती होता, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. मसुदे निघतात, हरकतींची मुदत संपते, आणि आपल्याला नियम झाल्यावर कळते.

एक आक्षेप

आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतील, गरिबाला पुडी वाचायला शिकवून काय होणार? त्याला मजुरी हवी, जमीन हवी, कंट्रोलमध्ये डाळ-तेल हवे. म्हणणे खोटे नाही. लेबलाने पोट भरत नाही. ज्याच्या खिशात पाचच रुपये आहेत त्याला पाच रुपयांत सफरचंद मिळत नाही, आणि निवड करायला दोन गोष्टी परवडाव्या लागतात. शिवाय सगळा भार गिऱ्हाइकावर टाकून 'लिहिले होते, तू वाचले नाहीस' म्हणायला कंपनी मोकळी होते, हाही धोका आहे.

पण म्हणून अक्षर सोडून द्यायचे काय? मजुरीचा लढासुद्धा हजेरीपट वाचता आल्यावरच नीट लढता आला. आणि चिलीचा अनुभव असा की, समोर इशारा आला तेव्हा उत्पादकांनी शिक्का टाळण्यासाठी अनेक पदार्थांतली साखर आणि मीठ कमी केले. त्याचा फायदा न वाचणाऱ्यालाही झाला. तेव्हा खुणेची मागणी ही वाचणाऱ्यांपुरती मागणी नव्हे.

आपण काय करायचे

शिक्षकांना करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. मुलांकडून रिकामी वेष्टने गोळा करावीत आणि तीन गोष्टी वाचायला शिकवाव्यात. पहिली, घटकांची यादी: ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून पहिली तीन नावे पाहिली की पुडीत मुख्यतः काय आहे ते कळते. दुसरी, शंभर ग्रॅममागचा आकडा: 'एका वेळचा वाटा' सोडून हाच पाहावा आणि पुडीच्या वजनाने हिशेब करावा. तिसरी, साखरेला चारने भागून चमचे आणि सोडियमला अडीचने गुणून मीठ. पाचवी-सहावीच्या गणिताला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. मुलाने घरी जाऊन आईला 'यात सहा चमचे साखर आहे' असे सांगितले की, त्या तक्त्याचे पहिल्यांदा मराठी झाले असे समजावे. २०२० च्या दुसऱ्या एका नियमाने शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरांच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायला मनाई आहे, हेही मुख्याध्यापकांच्या कानी घालावे.

कार्यकर्त्यांनी कंट्रोलच्या दुकानाकडे पाहावे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने दुकानाच्या पातळीपर्यंत दक्षता समित्या सांगितल्या आहेत. तांदळात काही मिसळलेले असेल तर काय, किती आणि कशासाठी, हे दुकानाच्या फळ्यावर मराठीत लिहा, ही मागणी त्या समितीत आणि ग्रामसभेत मांडता येते. जिथे गोंडी किंवा पोवारी बोलली जाते, तिथे ते बोलून सांगा, अशी मागणी करता येते. सिकलसेलचे कार्ड असलेल्या घरी ही माहिती आशा सेविकेने स्वतंत्रपणे द्यावी.

विद्यार्थी मित्रांनी मसुद्यांवर लक्ष ठेवावे. पुढचा मसुदा येईल तेव्हा दोनच वाक्ये पाठवावीत: धोक्याची खूण समोर हवी, ताऱ्याची नको, आणि महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या पुडीवर ती मराठीत हवी. पत्र पोस्टकार्डाएवढे असले तरी चालेल, पण त्यावर गावाचे नाव असावे. गोंदिया, आमगाव, तिरोडा, गोरेगाव, सडक अर्जुनी अशी नावे त्या ढिगात दिसू लागली, तर पुडी कुणाच्या हातात जाते हे निदान मसुदा लिहिणाऱ्याला कळेल.